समिधेचे मोल

महाडहून सह्याद्रीच्या भिंतीकडे जाऊ लागले म्हणजे सखल भागातील भातखाचरे मागे पडतात, नाचणी-वरीची वरकस जमीन लागते आणि डोंगराच्या कुशीत विसावलेल्या लहान लहान वाड्या दृष्टीस पडू लागतात. तळीये हे त्यांपैकीच एक गाव. दिनांक २२ जुलै २०२१ पर्यंत त्याचे नाव तालुक्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. त्या दिवशी संततधारेने भिजून जड झालेला डोंगराचा एक भाग सुटला आणि पाहता पाहता खालच्या वाडीतील घरे चिखलाखाली गडप झाली. त्याच दिवशी सावित्रीच्या पुराने महाड शहरही बुडाले होते. रस्ते बंद, दूरध्वनी बंद, अशा स्थितीत बचावपथके तेथे पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून अधिक माणसे त्या मातीत गेली. कित्येकांचे देह मिळालेच नाहीत. अखेरीस शोध थांबवून त्यांस मृत घोषित करावे लागले.

डोंगर का सुटला, हा प्रश्न भूगर्भशास्त्रज्ञांचा आहे. आम्हांस त्या घटनेने एका निराळ्याच विचारात पाडले. कोकणातल्या मनुष्याची सारी कमाई बहुधा गावच्या घरात साठलेली असते. बापाने पाया घातलेला, मुलाने मुंबईच्या पगारातून भिंती चढविलेल्या, नातवाने पत्रे काढून स्लॅब टाकलेला, अशी तीन पिढ्यांची ती कमाई असते. “अमक्याचे घर” ह्या दोन शब्दांत त्या माणसाची गावातील सारी ओळख सामावते. ते घर, तो गोठा, ती पेटीतली कागदपत्रे आणि भिंतीवरच्या तसबिरी, सर्व काही एका क्षणात गेल्यावर जो मनुष्य उरतो, तो कोण? त्याची किंमत कशाने करावयाची? मिळविलेले सारे वजा केले तर बाकी शून्य उरते की काही उरते?

हा प्रश्न तळीयेपुरताच आहे असे कोणी समजू नये. आजार हाही संसारावर कोसळणारा एक कडाच होय. फरक इतकाच, की त्याचा आवाज शेजारच्या घरी ऐकू जात नाही.

एखादे सुशिक्षित घर डोळ्यांपुढे आणावे. घरधनी मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. चार संस्थांचे विश्वस्त. व्याख्यानास उभे राहिले म्हणजे सभा शांत व्हावी अशी वाणी. एका पहाटे त्यांचा उजवा हात उचलत नाही आणि जीभ अडखळते. पक्षाघात! रुग्णालय, धावपळ, औषधे. महिन्याभराने ते घरी येतात, परंतु आता सदऱ्याची गुंडी त्यांस लावता येत नाही. पत्नीला हाक मारावयाची, तर नाव ओठांवर येत नाही. आरंभी भेटीस येणाऱ्यांची रीघ असते, मग ती ओसरते. संस्थेकडून आदरपूर्वक पत्र येते, की प्रकृतीची काळजी घ्यावी, जबाबदारीची चिंता करू नये. पत्र वाचून दाखविले म्हणजे ते भिंतीकडे तोंड फिरवितात. शरीराचे दुखणे एक, आणि “मी आता कोणाच्या उपयोगाचा?” हे दुखणे दुसरे. ह्या दुसऱ्यावर कोणतीही गोळी मिळत नाही.

आणि त्या घरातील गृहिणी? कदाचित ती स्वतःही पदवीधर असेल, शाळेत मुख्याध्यापिका असेल, गाण्याची विशारद असेल. तिची शाळा सुटते, तंबोरा गवसणीत जातो. दर दोन तासांनी कूस बदलविणे, अन्न मऊ करून भरविणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, ह्यांत दिवस संपतो. त्या दिवसाची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही. रात्री देवापुढे दिवा लावताना तिच्याही मनात तोच प्रश्न उभा राहतो: “माझे म्हणून आता काय उरले?”

अशा वेळी आपल्या घरांतून सहज उत्तर मिळते, “देवावर श्रद्धा ठेवा, सारे ठीक होईल.” हे वाक्य बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तथापि त्यात एक अवघड गाठ आहे. सारे ठीक झाले नाही, तर? श्रद्धा खोटी की श्रद्धा ठेवणारी उणी? अनुष्ठान केले, नवस बोलले, पारायण झाले, आणि हात काही उचलला नाही, म्हणजे आधीच थकलेल्या त्या बाईच्या माथी अपयशाचे आणखी एक ओझे. म्हणून श्रद्धा म्हणजे काय, ह्याचाच विचार प्रथम केला पाहिजे.

त्यासाठी फार दूर जावयास नको. तळीये ज्या महाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात शिवथरघळ आहे. पावसाळ्यात धबधब्याचा पडदा जिच्यापुढे कोसळत असतो अशा ह्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी सांप्रदायिकांची श्रद्धा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनी १९३० साली ह्या स्थानाचा शोध लावला. दासबोधाचे दशक वीस व समास दोनशे, हे आपल्या घरांतून बहुतेकांस ठाऊक असते. परंतु तिसऱ्या व चौथ्या दशकांच्या क्रमाकडे आमच्या वाचकांनी एकवार लक्ष द्यावे. तिसऱ्या दशकात समर्थ मनुष्याच्या दुःखांचा पाढा वाचतात. आध्यात्मिक, आधिभौतिक व आधिदैविक अशा तीन तापांस एकेक समास दिलेला असून, त्यांतील आध्यात्मिक तापाच्या समासात शरीराच्या व्याधींची लांबलचक यादीच आहे. लहानसहान दुखणीही समर्थांनी तुच्छ मानली नाहीत. ह्या दुःखवर्णनाच्या लगेच पाठोपाठ जो चौथा दशक येतो, तो नवविधा भक्तीचा. श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत नऊ समास, आणि त्यांत चौथे पादसेवन व सातवे दास्य.

ह्या क्रमातून आम्हांस जो अर्थ दिसतो तो असा: तापाला समर्थांनी दिलेले उत्तर ताप नाहीसा होण्याचे आश्वासन नव्हे, ते काहीतरी करावयास लावणारे आहे. ऐकणे, गाणे, स्मरणे, सेवा करणे ही सर्व क्रियापदे होत. श्रद्धा म्हणजे फळाविषयीची खात्री नसून आजच्या दिवसाचे काम करावयाचे बळ होय. हा अर्थ मान्य केला, तर शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीचा प्रत्येक तास उपासनेचा होतो, आणि हात उचलला गेला अथवा न गेला, तरी ती उपासना वाया जात नाही.

हे बोलावयास सोपे. आचरणात ते कसे दिसते, हे पाहावयाचे तर आपणांस कोकणातून निघून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्यास जावे लागेल. तेथे ज्यांच्यासाठी वस्ती उभी राहिली, त्यांचाही कडा कोसळलेलाच होता. घर, आप्त, धंदा आणि शेवटी नावही गमावलेले ते महारोगी होते. मिळविलेले सारे गेल्यावर मनुष्य कोण उरतो, हा प्रश्न तेथे रोजचा होता. त्या वस्तीची माउली म्हणजे साधनाताई आमटे.

साधनाताईंचे माहेरचे नाव इंदू घुले. जन्म ५ मे १९२६, नागपूरच्या सनातनी ब्राह्मण घरातला. त्या काळच्या मुलीस अशा घरात जे वळण लागावयाचे, सोवळे-ओवळे, सणवार, व्रतवैकल्ये, ते सर्व त्यांस लागलेले होते. मुरलीधर देविदास आमटे हे जमीनदार घराण्यातले वकील. वकिली व वैभव दोन्हींस पाठ फिरवून दाढी-जटा वाढवून विरक्त वृत्तीने वावरणारे. एका लग्नघरी त्यांच्या दृष्टीस असे पडले, की सारी मंडळी समारंभात रमली असता ही मुलगी गुपचूप मागे जाऊन वृद्ध मोलकरणीस कपडे धुवावयास मदत करीत आहे. त्या एका दृश्यावर त्यांनी आपला निश्चय केला. दिनांक १८ डिसेंबर १९४६ रोजी विवाह झाला आणि इंदूची साधना झाली. हेही लक्षात घेण्यासारखे आहे, की ह्या मुलीची पारख ज्या गोष्टीवरून झाली, ती कोणी पाहावे म्हणून केलेली नव्हती.

पुढील हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. पावसात भिजत गटाराकाठी पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी पाहून निर्भय म्हणविणारे बाबा घाबरले, आणि त्या भीतीवर मात करण्यासाठी त्यांनी महारोग्यांची सेवा पत्करावयाचे ठरविले. पत्नीस विचारले. पदरी दोन लहान मुले असताना तिने होकार दिला. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत जाऊन बाबांनी महारोगाच्या उपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. वरोऱ्याजवळ सरकारकडून मिळालेल्या खडकाळ, विंचू-सापांनी भरलेल्या जमिनीवर हे कुटुंब सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये घेऊन राहावयास गेले. तेच आनंदवन. आरंभी वरोऱ्याचे लोक तेथील दूध व भाजी घेण्यासही धजत नसत. पुढे देशोदेशींचे स्वयंसेवक येऊन तेथे राहिले, जेवले, तेव्हा कोठे गावची भीती मोडली. ह्या सर्व काळात चूल, गाय, मुले, रुग्ण आणि पाहुणे हा साधनाताईंचा प्रांत होता.

परंतु आज आम्हांस साधनाताईंचे जे चरित्र सांगावयाचे आहे, ते ह्या पराक्रमानंतरचे. बाबांस मानेच्या व पाठीच्या मणक्यांचा दुर्धर विकार जडला. शस्त्रक्रिया झाल्या. प्राण वाचला, परंतु बसणे कायमचे गेले. उभे राहावे अथवा आडवे व्हावे, ह्यांखेरीज तिसरी गती उरली नाही. ज्या मनुष्याने खडक फोडून शेते केली, त्यास पंगतीत पाटावर बसून जेवता येईना. कल्पना करावी, की अशा मनस्वी पुरुषास अंथरुणाशी बांधून ठेवणारे दुखणे म्हणजे काय, आणि त्याच्या उशाशी राहणाऱ्या स्त्रीची परीक्षा ती कोणती!

ह्या दांपत्याच्या श्रद्धांत मोठे अंतर होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विसरू नये. साधनाताई देवभोळ्या नव्हेत, परंतु देवपूजा करणाऱ्या, सश्रद्ध. बाबांची श्रद्धा मूर्तीकडे न वळता मनुष्याकडे वळलेली. एकाच घरात दोन श्रद्धा असल्या म्हणजे पुष्कळदा दोहोंची ओढाताण होते. “तुम्ही नमस्कार केला असता तर” हे वाक्य रुग्णाच्या कानी पडते. येथे तसे झाले नाही. साधनाताईंनी आपली पूजा सोडली नाही आणि ती पतीवर लादलीही नाही. त्यांच्या श्रद्धेने बाबांच्या मणक्यांवर चमत्कार केला नाही. तिने केले ते एवढेच, की दिवसामागून दिवस, दशकामागून दशक, पथ्य, औषध, अंथरूण आणि माणसांची वर्दळ सांभाळून पुन्हा प्रसन्न राहावयाचे सामर्थ्य त्या माउलीस दिले.

आणि मग बरे होणे कशास म्हणावे, ह्याचा अर्थच त्या घरात पालटला. बरे होणे म्हणजे पूर्ववत् होणे नव्हे. १९८५ च्या डिसेंबरात बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेस निघाले, ते वाहनात आडवे पडून. १९९० साली नर्मदाकाठच्या लोकांची बाजू घेऊन ते आनंदवन सोडून कसरावदला राहावयास गेले. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर, साधनाताईंचे चौसष्ट. चाळीस वर्षांत हातांनी उभारलेले सारे मागे ठेवून, पुन्हा नदीकाठच्या एका साध्या निवाऱ्यात चूल मांडावयास ती स्त्री निघाली! पद्मश्री, मॅगसेसे, पद्मविभूषण हे सारे सन्मान बाबांस मिळाले होते. त्यांचा त्या नव्या चुलीस काय उपयोग? तेथे उपयोगी पडले ते हे, की लग्नघरच्या मागील दारी मोलकरणीस मदत करणारी इंदू चौसष्टाव्या वर्षीही तीच होती.

येथे आमची एखादी विदुषी वाचकभगिनी विचारील, आणि तिने विचारावेच, “म्हणजे पुन्हा स्त्रीने पतीच्या सावलीत विरून जावे, हाच उपदेश ना?” मुळीच नव्हे. लादलेली सेवा म्हणजे वेठ; तिच्यातून ना सेवकाचे कल्याण, ना सेव्याचे. पत्नी आजारी पडली असता पतीनेही हेच केले पाहिजे, आणि पुष्कळ पुरुष ते निष्ठेने, न बोलता करीत असतात. शिवाय साधनाताई मूक सावली नव्हत्या. त्यांनी स्वतःचे आत्मचरित्र सांगितले, त्यात आपल्या मनाचे चढउतार उघड केले, आणि त्यास नाव दिले ‘समिधा’. हे नाव कोणत्याही आत्मलोपी स्त्रीचे नव्हे. आपली किंमत ज्या व्यक्तीस नेमकी कळली आहे तिचे ते आहे.

आपल्या घरांत ग्रहशांतीचा होम कोणी पाहिला नाही? नवग्रहांच्या समिधा आठवाव्या: रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी, दूर्वा आणि दर्भ. त्यांत पिंपळ-उंबरासारखे डेरेदार वृक्ष आहेत, आणि आघाड्यासारखे वाटेवर उगवणारे झुडूप, दूर्वा-दर्भासारखे पायदळी येणारे गवतही आहे. अग्नीपुढे सर्वांचे माप एकच, वीतभर. पिंपळाने आपल्या विस्ताराचा दाखला आणावा आणि दूर्वेने आपल्या क्षुद्रतेची लाज बाळगावी, असे तेथे चालत नाही. आणि एका समिधेने होम होत नाही, तसा एकीवाचून तो पुराही होत नाही. कर्तृत्व हा वृक्षाचा विस्तार आहे. तो असावा, त्याचा आनंदही मानावा. परंतु मोल ठरते ते अर्पणाने.

ह्या विचारास व्यवहाराची जोड हवी, म्हणून चार शब्द.

श्रद्धा ही औषधाची सवत नव्हे. महारोग्यांच्या सेवेस निघालेले बाबा प्रथम कलकत्त्यास शिकावयास गेले, हे ध्यानी ठेवावे. पक्षाघाताचे चिन्ह दिसताच, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा अडखळणे, ह्यांपैकी काहीही झाले तरी, अंगारा शोधीत न बसता रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच द्यावयाचे असते, आणि तेही जितके लवकर तितके बरे. पुढे व्यायामोपचारात नियमितपणा ठेवावा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा अधिक वेगाने होते, तथापि नंतर ती थांबतेच असे नाही.

रुग्णास बिनकामाचा ठेवू नये. डाव्या हाताने शेंगा सोलता येतील, नातवाचा पाढा ऐकता येईल, देवापुढची फुले निवडता येतील. ते काम त्याने केले असता घाईने पुन्हा आपण करू नये. त्याच्यापुढे आलेल्या पाहुण्यास त्याच्या जुन्या हुद्द्याच्याच गोष्टी सांगू नयेत. त्याने आज काय केले ते सांगावे. आणि तो बोलू लागला व शब्द अडला, तर तो पुरा करावयाची घाई न करता थांबावे. ते थांबणे हाही आदरच आहे.

शेवटची सूचना शुश्रूषा करणारीस वा करणाऱ्यास. दिवसातून एक तास आपला असावा. त्या वेळी मुलाने, सुनेने, शेजाऱ्याने रुग्णापाशी बसावे, आणि तंबोरा गवसणीतून निघावा. त्यात अपराध मानण्याचे कारण नाही. दिव्यात तेल घालणे हे वातीवर उपकार नव्हे. प्रकाशासाठीच ते आहे. फार थकवा, झोप न लागणे, सतत रडू येणे असे होऊ लागले, तर स्वतःसाठीही वैद्याचा सल्ला घ्यावा. ती श्रद्धेतील उणीव नव्हे.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले. साधनाताई त्यांच्यामागे तीन वर्षे होत्या. ९ जुलै २०११ रोजी त्यांची समिधाही पूर्ण झाली. बाबांचे मणके अखेरपर्यंत पूर्ववत् झाले नव्हते. परंतु त्या दोघांच्या आयुष्यात “आता मी कोणाच्या उपयोगाचा?” ह्या प्रश्नास जागा उरलेली कोणास दिसली नाही.

आता पुन्हा तळीयेकडे वळू. त्या दुर्घटनेनंतर वाचलेल्यांसाठी नवी घरे बांधण्याचे काम सरकारने म्हाडामार्फत हाती घेतले. घर पुन्हा उभे करता येते. तीन पिढ्यांची तसबीर पुन्हा मिळत नाही. तरीही २०२१ च्या त्या जुलैत, बाहेरची मदत पोहोचण्यापूर्वी आपल्याच हातांनी माती उपसणारे जे गावकरी होते, त्यांची कमाई विचारावयास कोणी थांबले नव्हते. मातीखालच्या माणसाचा हुद्दाही कोणी विचारला नाही. हाक कोठून येते, एवढेच ते कान देऊन ऐकत होते. मिळविलेले सारे वजा केल्यावर जी बाकी उरते, ती हीच. आपल्या घरात कोणी अंथरुणास खिळले असेल, तर आज दिवेलागणीस त्याच्यापाशी क्षणभर बसावे आणि काही न विचारता त्याचा हात हाती घ्यावा. तो हात काय करू शकतो, ह्याचा हिशेब त्या वेळी मनात येऊ देऊ नये.